दातार सरांचा उसना दिवस

दातार सरांसमोर ‘आमच्यात’ हा शब्द काढायची सोय नव्हती. ‘आमच्यात असं नसतं’, ‘आमच्यात हे चालत नाही’, असं कुणाच्या तोंडून निसटलं की सर हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि त्या माणसाला उभं करायचे. मग त्याने खोलीतल्या दुसऱ्या कुणाकडे तरी वळून "तुमच्यात कसं असतं?" असं विचारायचं आणि समोरचा थांबेपर्यंत ऐकत राहायचं. मध्ये बोलायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, आणि "हो, आमच्यातही अगदी तसंच" असं तर मुळीच म्हणायचं नाही. तसं म्हटलं की शिक्षा पहिल्यापासून सुरू.

माझी पाळी नोकरीच्या चौथ्या दिवशी आली. डोंबिवलीच्या त्या कॉलेजात मी वाणिज्य शिकवायला नुकतीच लागले होते. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मी सहज म्हणून गेले, "आमच्यात आमटीला गूळ लागतोच बाई." कोपऱ्यातून आवाज आला, "जोशी मॅडम, उभ्या राहा." मला वाटलं, नवीन म्हणून ओळख करून देतायत. मी पदर सावरून उभी राहिले. ओळखबिळख काही नाही. ऑफिसातल्या टायपिस्ट डिसिल्व्हाबाईंकडे वळून मला विचारावं लागलं, तुमच्यात कसं असतं? डिसिल्व्हाबाई वसईच्या. त्यांना हा प्रश्न जन्मात कुणी विचारला नसावा. त्या चिंचेपासून निघाल्या, सिरक्यावर आल्या, तिथून सासूबाईंवर, आणि सासूबाईंवरून थेट स्वतःच्या लग्नातल्या डुकराच्या मटणावर. मी शाकाहारी माणूस, ताटकळत उभी. माझी आमटी गार झाली. पण त्यानंतर माझ्या प्रश्नपत्रिका डिसिल्व्हाबाई सगळ्यांच्या आधी टाइप करून द्यायला लागल्या, तेव्हा शिक्षा अगदीच फुकट गेली असं म्हणता यायचं नाही.

दातार सर संख्याशास्त्र शिकवायचे. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सडपातळ, पाठ ताठ. मे महिन्यातसुद्धा लांब बाह्यांचा पांढरा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तांत्रिक बाब आहे." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सर, तुम्ही घरी फोन का नाही घेत? तांत्रिक बाब आहे. सर, तुम्ही लग्न का नाही केलंत? तांत्रिक बाब आहे. पूर्वेला एका खोलीत ते एकटे राहायचे आणि त्या खोलीत आमच्यापैकी कुणी कधी गेलं नव्हतं.

ते डबा आणत नसत. कुणी "घ्या ना सर" म्हटलं तर नाही म्हणत नसत, आणि स्वतःहून कधी मागतही नसत. पुढ्यात येईल ते भरभर, शितासकट संपवायचे. मग एकाच गोष्टीची नेमकी स्तुती करायचे. भाजी छान झालीय असं मोघम बोलणं नाही. "तीळ खमंग भाजलेत" किंवा "मेथी जाडसर चिरलीय हे बरं केलंत." आणि मालकीण उठायच्या आत तिचा डबा नळावर नेऊन, घासून, पुसून जागेवर आणून ठेवलेला असायचा. मला सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक ज्येष्ठ प्राध्यापक माझा डबा घासतायत! पण त्यांच्या हातातून डबा काढून घ्यायचा प्रयत्न केला तर ते खरोखर रागवायचे.

पहिल्याच वर्षी मला त्यांच्या सांस्कृतिक मंडळात सहप्रमुख नेमलं. मी आनंदले. पदाइतकंच कामही मिरवायचं असेल, असा माझा समज. इतर कॉलेजांत तेव्हा साडी डे, टाय डे, रोझ डे यांचं पेव फुटलं होतं. आमच्याकडे एकच दिवस होता, ‘उसना दिवस’. तो सरांचा शोध.

आमच्या कॉलेजात मुलं येत तरी कुठून कुठून! उल्हासनगरचे सिंधी, कल्याणच्या रेल्वे कॉलनीतले तमिळ आणि मल्याळी, मुंब्र्याचे कोकणी मुसलमान, दिव्याच्या आसपासच्या गावांतले आगरी, ठाण्याच्या खाडीवरचे कोळी, आणि डोंबिवलीचे आम्ही सगळे, ज्यांना वाटायचं की कॉलेज आपलंच आहे. दुसरीकडे प्रांतांचा कार्यक्रम म्हणजे गुजरात्याने गरबा करायचा आणि पंजाब्याने भांगडा. सरांना हे मंजूर नव्हतं. "आपलंच नाचलास, त्यात तू शिकलास काय?" असं ते विचारायचे. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात चिठ्ठ्या. ज्याला जी चिठ्ठी येईल ते त्याने दोन महिने दुसऱ्याच्या घरी जाऊन शिकायचं आणि मंचावर करून दाखवायचं. आपलीच चिठ्ठी आपल्याला आली तर परत डब्यात. "उसनं आणताय," ते प्रत्येकाला बजावायचे, "नीट वापरा, नीट परत करा."

यावर पुन्हा कागदपत्र. ज्या घरी शिकायला जायचं त्या घरच्या आईकडून एक सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक भरून आणायचं. विद्यार्थी किती वेळा आला? काय शिकला? काय खाल्लं? पानात टाकलं का? आणि सर्वांत खाली एकच ओळ: ‘याने पुन्हा यावे का?’ शंभरातले साठ गुण या शेवटच्या ओळीला. नाच, गाणं, पोशाख, सगळं मिळून चाळीस.

ती पत्रकं मी तपासायची. मी आजवर वाचलेल्यांपैकी तो सर्वांत मजेदार मजकूर होता. एका मल्याळी आईने लिहिलं होतं, ‘यावे, पण ढोलाशिवाय.’ एका गुजराती बेनने लिहिलं, ‘यावे. हळू खावे.’ आमच्या कुलकर्ण्यांचा मुलगा मुंब्र्याला लग्नातली गाणी शिकायला जायचा. त्याच्या पत्रकावर, ‘यावे. न आल्यास आम्ही बोलावणे पाठवू.’ उल्हासनगरच्या लाजवंतीबाईंनी एका मालवणी मुलीचं पत्रक पूर्ण सिंधी लिपीत भरून पाठवलं. सर ते घेऊन कापडाच्या एका दुकानात गेले, मालकाकडून वाचून घेतलं आणि परत येऊन मला म्हणाले, "लिहिलंय, मुलगी चांगली आहे, रोज येऊ दे. साठपैकी साठ."

एकदाच एक ‘नाही’ आलं होतं. मुलगा त्या घरी बसून त्यांच्या जेवायच्या पद्धतीला हसला होता. सर त्याला एका शब्दानेही बोलले नाहीत. रविवारी त्याला घेऊन ते त्या घरी गेले, मुलाला आत पाठवलं आणि स्वतः दुपारभर बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी त्या बाईंनी ‘नाही’ खोडून ‘बघू’ लिहिलं. ‘बघू’ला सरांनी तीस गुण दिले.

असा कार्यक्रम स्पर्धेत जिंकणार कसा? युवक महोत्सवात परीक्षक विचारायचे, ही कथकली करणारी मुलगी मंगळागौरीसारख्या गिरक्या का घेतेय? आमच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात एकुलता एक कप होता आणि तो रस्सीखेचीचा होता. दिव्याच्या पोरांनी आणलेला.

हे कपाट आमच्या नव्या प्राचार्यांना बघवेना. कोट घालणारे, उत्साही गृहस्थ. विद्यार्थ्यांचे उपक्रम बघायला जानेवारीत विद्यापीठाची समिती येणार असं कळल्यावर त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "दातार," ते म्हणाले, "तुमचा हा उसना प्रकार समितीसमोर एकदा करून दाखवा. जमला तर उत्तम. फजिती झाली तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा. मुलं खूष, मी खूष."

सर "ठीक" एवढंच म्हणाले. पण बाहेर आल्यावर व्हरांड्यात डब्यातल्या एका चिठ्ठीची घडी ते किती तरी वेळ घालत आणि उलगडत उभे होते. पंधरा वर्षं त्यांनी हौसेचं म्हणून दुसरं काही केलं नव्हतं. उसना दिवस गेला असता तर दातार सरांकडे फक्त संख्याशास्त्र उरलं असतं. मला तेव्हा प्राचार्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही.

आणि नेमका त्याच वर्षी हरेशने डब्यात हात घातला. हरेश म्हणजे त्याच लाजवंतीबाईंचा मुलगा. दांडगा, भडक शर्ट घालणारा, मनाने लोण्याचा गोळा. त्याने चिठ्ठी उघडली, ‘आगरी लग्न: धवला’.

"मॅडम, ये क्या है? खाने का है?"

खाण्याचं नव्हतं. आगऱ्यांच्या लग्नात एक जाणती बाई विधींची गाणी म्हणते, ती धवलारीण, आणि तिची ती गाणी म्हणजे धवला. त्याच्याच वर्गातल्या हिरा म्हात्रेची आजी धवलारीण होती. हरेश दिव्याला उतरून, मिठागराच्या बांधावरून चालत चार वेळा त्यांच्या गावी गेला. पत्रक घेऊन आला. काय खाल्लं? जवला, तांदळाची भाकर, आंबट वरण. पानात टाकलं का? नाय. पुन्हा यावे का? रोज येवदे. सगळं भरलेलं. ‘काय शिकला?’ तेवढी रेघ कोरी.

"आजी बोलती है नहीं गाएगी," हरेश म्हणाला. "खाना देती है, गाना नहीं देती."

कोऱ्या पत्रकावर मंचावर जायचं नाही हा सरांचाच नियम. मी म्हटलं, "सर, समिती येतेय, दुसरं काही तरी बसवू या." सर म्हणाले, "आपण आजींना भेटू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं हरेशबरोबर गेलो. हिराची चांगुणाआजी अंगणात सुकट निवडत बसली होती, हिरा शेजारीच. एवढीशी बाई, पण आवाज सगळ्या आळीला पुरेल असा. सरांनी हात जोडून आपलं म्हणणं मांडलं. तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

"मास्तर, धवला काय शिनेमाचं गानं हाय?" ती म्हणाली. "लगीन नाय, नवरा नाय, न मी हलद कोनाला लावू? खुर्च्यांना?"

मला वाटलं, आता सर मुद्दे मांडतील. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि तिच्या शेजारी बसून सुकट निवडायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे ऑर्केस्ट्रावाले आपली वाद्यं लावत होते. मी घाईघाईने म्हटलं, "आजी, हरेशलाच नवरा करू या की. पाटावर बसेल, हळद लावा, झालं."

"बाय, डोकं हाय का नाय? त्याचं लगीन व्हायाचं हाय. खोटी हलद लागली न खरी अरकली म्हंजी? त्याची आयस इकरं येऊन माजा गला धरंल."

खोट्या हळदीपायी खरं लग्न अडकलं असतं तर लाजवंतीबाईंनी ते खरोखरच केलं असतं. म्हणजे कॉलेजातलं कुठलंही पोर चालणार नव्हतं, कारण सगळ्यांचीच लग्नं व्हायची होती. मी विवाहित. आजीने सुकट निवडता निवडता सरांकडे नीट बघितलं.

"तुजं लगीन झालंय का रं?"

"नाही."

"कनाला?"

"तांत्रिक बाब आहे."

आजीने नातीकडे बघितलं. हिराने दोन्हीकडून अडचणीत सापडून भाषांतर केलं, "आजे, राहून गेलं म्हणतायत."

"न आता व्हायाचं हाय?"

"शक्यता नगण्य आहे," संख्याशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले.

"नाय," हिरा म्हणाली.

"मंग याला चालंल!" आजीने सूप आपटलं. "याचं काय अरकायचं रायलंच नाय!"

सगळी आळी हसली. मी हसले, हरेश तर बांधापर्यंत हसत गेला आणि सर सगळ्यांत जास्त हसले. त्या दिवसापासून आजीने हरेशला शिकवायला घेतलं. मात्र कार्यक्रमात सुरुवात ती स्वतः करणार, तिच्यामागून त्याने म्हणायचं, असा करार झाला.

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल भरला. पुढच्या रांगेत प्राचार्य नवा कोट घालून आणि त्यांच्या शेजारी समितीच्या अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या एक करारी बाई. मागे मुलांच्या आया. मुलांनी कुणाकुणाच्या घरून उसनं आणलेलं एकेक करून दाखवलं. दोघं-तिघं अडखळले. प्राचार्य प्रत्येक वेळी रुमालाने मान पुसत होते. मी विंगेत उभी राहून त्या रुमालावर नजर ठेवून होते.

मग धवला. शीळफाट्यावरून टेम्पोने आजी चार बायकांना घेऊन आली होती. मध्ये पाट, पाटावर दातार सर. त्यांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. मुलांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी प्राचार्यांकडे बघून, तांत्रिक बाब आहे अशा अर्थाची मान हलवली. आजीने आवाज लावला आणि माइक नावापुरता उरला. हरेशने मागून सूर धरला, तोही खणखणीत. मी म्हटलं, जिंकलो.

आणि आजी थांबली.

धवल्यात नवऱ्याला हळद कोण कोण लावतं, ते नाव घेऊन म्हणायचं असतं. हे हरेशला माहीत होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सरांना तर नाहीच. आजी वाकून विचारत होती, "तुजे आयसचं नाव काय?"

"ते सोडून पुढे घ्या," सर हळूच म्हणाले. पण माइक चालू होता.

"आयसला सोरून पुरं कशी जाव?"

"आई नाही. मी आठ वर्षांचा असताना गेली."

"मेली त काय तिचं नाव बी मेलं?"

हॉलमधल्या शिट्ट्या बंद झाल्या. "यमुना," सर म्हणाले. पंधरा वर्षांत त्या कॉलेजात कुणी त्यांच्या तोंडून घरच्या माणसाचं नाव ऐकलं नव्हतं. आजीने यमुनाबाईंना धवल्यात घेतलं, हिराने त्यांच्या वतीने सरांच्या गालाला हळद लावली. आजी पुन्हा थांबली.

"भयनी?"

"नाहीत."

"काकी? मावशी? आत्या?"

सरांनी मान हलवली. गाणं तिथेच अडून बसलं. प्राचार्य उठून उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत मला खूण करायला लागले. मला वाटलं, झालं, आलाच ऑर्केस्ट्रा. पण समितीच्या अध्यक्षबाईंनी मंचावरची नजर न काढता त्यांचा कोट धरून खाली ओढला. "बसा हो," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा आला नाही, उसना दिवसच झाला, हे इथेच सांगून टाकते, कारण त्या क्षणानंतर मला समितीची आठवणच राहिली नाही.

"मंग तुला जेवाला कोनी घातला?" आजीने विचारलं. तिला तो साधा प्रश्न होता. कोणी तरी घातलं असणारच ना!

सर म्हणाले, "सोमवारी राधाकाकू."

माझ्यासारख्या, आजोबांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकलेल्या चार-पाच जणांना पटकन कळलं. मुलांना कळलं नाही. पूर्वी गरिबाच्या पोरक्या मुलाला कुणी एक घर पोसत नसे, तेव्हा सात घरं सात वार वाटून घ्यायची. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. वार लावून जेवणं म्हणायचे त्याला. ज्या घरचा वार चुकला, तो वार उपाशी.

"कल्याणला, पारनाक्याजवळ," सर खाली पाटाकडे बघत सांगत होते. "सोमवारी राधाकाकू. मंगळवारी इंदिराबाई. बुधवारच्या त्या... त्यांना सगळे जिजी म्हणायचे, खरं नाव मला कधी कळलं नाही."

"जिजी चालंल," आजी म्हणाली.

"गुरुवारी लक्ष्मीमावशी. शुक्रवारी मणिबेन. शनिवारी गोदूताई."

आजीने एकेक नाव गाण्यात ओवायला घेतलं. राधाकाकू आली हळद लावायला, इंदिराबाई आली. तिसऱ्या नावापासून हरेशनेच सूर पुढे नेला. प्रत्येक नावाला आळीपाळीने एक आगरी बाई पुढे येऊन सरांना हळद लावत होती. मला रडू आलं. मी डोळे पुसलेही नाहीत, कारण शेजारी डिसिल्व्हाबाई माझ्याहून जोरात रडत होत्या.

"न रविवारी?" आजीने विचारलं.

"रविवारी कुणी नव्हतं," सर म्हणाले. "गोदूताई कधी कधी शनिवारची भाकरी फडक्यात बांधून द्यायच्या."

आजीने हळदीची वाटी हातातच धरली. "एक वार सोरून धवला पुरा व्हत नाय, मास्तर."

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लाजवंतीबाई उभ्या राहिल्या होत्या. "इतवार मेरा," त्या म्हणाल्या. वाटेतल्या बायकांचे पाय तुडवत, पायऱ्या चढून त्या मंचावर आल्या, वाटीत चारी बोटं बुडवली आणि सरांच्या दोन्ही गालांना अशी हळद फासली की चष्म्याच्या काचा पिवळ्या झाल्या. "नाम लो मौसी. लाजवंती."

आजीने लाजवंतीबाय धवल्यात घातली आणि गाणं पूर्ण केलं. टाळ्या किती वेळ चालल्या होत्या ते मला सांगता येणार नाही. प्राचार्य उभं राहून वाजवत होते. लाजवंतीबाई पदराला हात पुसून वळल्या आणि पायरीकडे निघाल्या.

सर अजून पाटावरच बसलेले होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता, त्यामुळे त्यांना समोरचं काही नीट दिसत नसावं. "बाई," त्यांनी पाठीमागून हाक मारली. लाजवंतीबाई थांबल्या.

"रविवारी," दातार सरांनी विचारलं, "किती वाजता येऊ?"